काय वाचायचं आणि काय मागे ठेवायचं

बारावीनंतर वकिली करायची असं ठरलं की नगर जिल्ह्यातली मुलं पहिली खरेदी करतात ती सामान्य ज्ञानाच्या ठोकळ्याची. घरातला एखादा दादा एमपीएससी करत असतो, शेजारची ताई तलाठी भरतीत थोडक्यात हुकलेली असते, मामाचा मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर असतो. वापरलेली पुस्तकं, वह्या आणि सल्ले असे वरून खाली येतात, आणि अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या अभ्यासिकांत पाठांतराची एकच तालीम सुरू राहते: सनावळ्या, नद्या, पुरस्कार, समित्या. ही तालीम वाईट नाही. पण विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत ती मागच्या रांगेत बसायला हवी. मी जी मुलं पाहतो, त्यांच्यातल्या बहुतेकांनी पहिले चार महिने तिलाच दिलेले असतात.

कोणते घटक आधी घ्यायचे हा प्रश्न सुटायला परीक्षेकडे नीट पाहावं लागतं. महाराष्ट्रात विधी प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा २०१६ पासून आहे. त्याआधी बारावीचे किंवा पदवीचे गुण चालत. मुंबईचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय असो, पुण्याचं १९२४ सालचं आयएलएस असो किंवा नगर शहरातलं न्यू लॉ कॉलेज, राज्याच्या प्रवेशफेरीचा रस्ता याच परीक्षेतून जातो. परीक्षा संगणकावर होते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि प्रश्न मराठीतूनही मिळतात. सुरुवातीला १५० प्रश्नांना १२० मिनिटं होती, म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. २०२४ पासून प्रश्न १२० झाले आणि प्रत्येकाला पूर्ण एक मिनिट मिळू लागलं. बारा सेकंदांचा हा फरक मराठी माध्यमातल्या मुलाला फार मोठा आहे.

इथे एक गफलत सर्रास होते. पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा एकाच नावाने ओळखली जाते, म्हणून अभ्यासही एकच समजला जातो. १५० गुणांच्या जुन्या पत्रिकेची विभागणी पाहिली तर फरक ढळढळीत दिसतो. बारावीनंतरच्या पत्रिकेत कायदेविषयक कल ४० गुणांना, तर्क ४० गुणांना, सामान्य ज्ञान ३०, इंग्रजी ३० आणि गणित १०. पदवीनंतरच्या पत्रिकेत इंग्रजी ५०, सामान्य ज्ञान ४०, कायदा ३० आणि तर्क ३०, गणित नाहीच. म्हणजे बारावीच्या मुलाचे निम्म्याहून जास्त गुण विचार करण्यात होते, तर पदवीधराचे तीन पंचमांश इंग्रजी आणि सामान्य ज्ञानात. बीए होऊन दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिलेल्या माणसाला त्याचा ठोकळा थोडाफार उपयोगी पडेल, पण इंग्रजी टाळून तो पार होणार नाही. बारावीच्या मुलीला तोच ठोकळा उराशी धरण्याचं काही कारण नाही. विभागणी बदलत राहते, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका हा अभ्यासाचा पहिला पाठ समजावा आणि तो कुणाकडून ऐकण्याऐवजी स्वतः वाचावा.

दुसरी वाट क्लॅटची. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठं तिच्या कक्षेत आहेत. नेवासा-शेवगावकडच्या मुलाला संभाजीनगर पुण्यापेक्षा जवळ आहे, तरी तिथे असं विद्यापीठ आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. २०२० पासून क्लॅटचं रूप पालटलं. सुटे प्रश्न गेले आणि उताऱ्यांवरचे प्रश्न आले. आता १२० प्रश्न, दोन तास, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. चालू घडामोडी आणि कायदेविषयक तर्क यांना प्रत्येकी साधारण चौथा हिस्सा, इंग्रजी आणि तर्काला पाचवा, गणिताला दहावा. उतारा साडेचारशे शब्दांच्या आसपास जातो. ढोबळ हिशेब केला तर दोन तासांत दहा हजारांच्या घरात इंग्रजी शब्द डोळ्यांखालून जातात, आणि वर विचार करायचा तो वेगळाच. ही परीक्षा प्रादेशिक भाषांत घ्यावी अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. माझ्या मते ती मागणी रास्त आहे. जो मुलगा मराठीत उत्तम युक्तिवाद करतो त्याची बुद्धी इंग्रजी वाचनाच्या वेगावर मोजली जाते, ही त्या परीक्षेतली मोठी उणीव आहे. पण आज परीक्षा इंग्रजीतच आहे, म्हणून क्लॅट देणाऱ्याने पहिला घटक वाचन हाच धरायचा. बाकीचे चारही त्यावर उभे आहेत.

आता कायद्याच्या घटकाकडे येतो. बारावीपर्यंत या मुलांनी कायदा विषय म्हणून पाहिलेला नसतो, म्हणून तो अवघड वाटतो आणि शेवटी टाकला जातो. खरं तर सुरुवात इथूनच करावी. विशेषतः नगर जिल्ह्यातल्या मुलांनी, कारण त्यांच्या घरात कायद्याची भाषा रोज बोलली जाते. सातबारा, फेरफार, वहिवाट, मनाई हुकूम, पंचनामा, जामीन हे शब्द शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाहीत. बांध कोरल्यावरून भाऊबंदकी कशी पेटते हे त्याने पाहिलेलं असतं. रस्ता अडवला तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली जाता येतं, हे त्याच्या चुलत्याला तोंडपाठ असतं. हे प्रवेश परीक्षेत थेट विचारलं जात नाही, हे खरं. पण हक्क कुणाचा, नुकसान कुणाचं, दोष कुणाचा या तीन प्रश्नांची सवय त्याला लागलेली असते, आणि कायद्याच्या प्रश्नाचा गाभा तोच असतो.

या घटकात पाच गोष्टी येतात: संविधान, अपकृत्य, करार, फौजदारी कायद्याची मूलतत्त्वं आणि लॅटिन सूत्रं. मी त्यांचा क्रम अपकृत्य, करार, संविधान, फौजदारी आणि मग सूत्रं असा लावतो. बहुतेक मार्गदर्शक संविधानापासून सुरू करतात, कारण अनुच्छेद पाठ करता येतात. पण तत्त्व घ्यायचं, घटना वाचायची आणि तत्त्व तिला लागू पडतं का ते पाहायचं, ही सवय अपकृत्यातून जितकी सहज लागते तितकी दुसऱ्या कशातून लागत नाही.

एक उदाहरण देतो. कठोर दायित्वाचं तत्त्व १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधल्या खटल्यातून आलं. एकाने आपल्या जागेत पाण्याचा साठा केला, पाणी जुन्या खाणीच्या विवरांतून उतरलं आणि शेजाऱ्याची खाण बुडाली. न्यायालयाचं म्हणणं असं, की निसटलं तर अपाय करील अशी वस्तू जमिनीच्या अनैसर्गिक वापरासाठी आणून साठवली, तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही मालक जबाबदार. पाठ्यपुस्तकात हे वाचताना मूल जांभई देतं. त्याच मुलाला पारनेर किंवा कर्जतमधलं शेततळं समोर ठेवून विचारा. तळं फुटलं आणि खालच्या वावरातला कांदा वाहून गेला, तर भरपाई कुणी द्यायची? सगळा वर्ग बोलू लागतो. आणि मग पुढचा प्रश्न: दुष्काळी भागात पाणी साठवणं हा जमिनीचा अनैसर्गिक वापर म्हणायचा का? हा प्रश्न १८७४ मध्येच प्रिव्ही कौन्सिलपुढे आला होता. मद्रास इलाख्यातल्या एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं. कौन्सिलने सांगितलं, की इथे तलाव राखणं हे जमीनदाराचं पूर्वापार कर्तव्य आहे, त्यामुळे निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही. एकच तत्त्व दोन मुलखांत दोन तऱ्हांनी लागलं. पुढे दिल्लीतल्या १९८५ च्या ऑलियम वायुगळतीनंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी अपवाद नसलेलं संपूर्ण दायित्व सांगितलं. ही तीन पावलं ज्याला कळली त्याला या गटातला प्रश्न कसाही फिरवून घातला तरी अडत नाही.

करारातही तसंच. सतरा वर्षांच्या मुलाने ट्रॅक्टरच्या खरेदीखतावर सही केली तर काय? १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून उत्तर ठरलेलं आहे: अज्ञानाने, म्हणजे अल्पवयीनाने, केलेला करार मुळातच शून्य. वयाचाच मुद्दा फौजदारी कायद्यात वेगळा चालतो. सात वर्षांखालच्या मुलाची कृती अपराध ठरत नाही, आणि सात ते बाराच्या दरम्यान त्याची समज पाहिली जाते. एका विषयातलं उत्तर दुसऱ्यात नेऊन बसवलं की गुण गेला.

फौजदारी भागात सध्या एक व्यावहारिक धोका आहे आणि तो थेट वापरलेल्या पुस्तकांतून येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांऐवजी ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे, चोरी ३०३ मध्ये आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने. दादाने दिलेला २०२२ चा संच कितीही चांगला असला तरी त्यातला हा भाग आता उपयोगाचा नाही. करार आणि अपकृत्य मात्र जुन्या पुस्तकातून बिनदिक्कत वाचता येतात, कारण १८७२ चा करार कायदा जागेवर आहे आणि अपकृत्याचा बराचसा कायदा निकालांतून घडलेला आहे. नवं पुस्तक घेण्याइतके पैसे नसतील तर एवढी चाळणी लावून जुनं वापरावं.

राज्याच्या परीक्षेत थेट माहितीचे प्रश्नही येतात: एखाद्या सूत्राचा अर्थ, एखादी घटनादुरुस्ती, पहिले सरन्यायाधीश कोण. क्लॅटमध्ये तत्त्व उताऱ्यातच दिलेलं असतं आणि बाहेरची माहिती घुसडली तर उत्तर चुकतं. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने ही शिस्त वेगवेगळी पाळायची. सूत्रं चाळीस-पन्नास पुरेत. लॅटिन शब्द घोकण्यापेक्षा त्यातला विचार मराठीत बांधून ठेवावा. ‘ऑडी आल्टेरम पार्टेम’ म्हणजे दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतल्याशिवाय निवाडा नाही. ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही हे कळतं.

सामान्य ज्ञान मागे ठेवा म्हणतो, ते टाकून द्या असा त्याचा अर्थ नाही. सुटी माहिती गोळा करू नका, एवढंच सांगणं आहे. एक घटना घ्यायची आणि तिच्या मुळाशी असलेल्या कायद्यापर्यंत जायचं. त्यासाठी दूर जावं लागत नाही, आपला जिल्हा पुरतो. बैलगाडा शर्यत घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराजा निकालात जल्लीकट्टूबरोबर ती बंद केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. घाटात उभं राहून भिर्रर्र ऐकणाऱ्या मुलाला या एका विषयातून समवर्ती सूची, राष्ट्रपतींची संमती, मूलभूत कर्तव्यं आणि घटनापीठ म्हणजे काय, हे सगळं मिळतं. वेगळं पाठ करायला उरतं ते थोडंच.

शनिशिंगणापूरचंही तसंच. चौथऱ्यावर महिलांना प्रवेश मिळावा म्हणून विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. १९५६ च्या राज्य कायद्याने प्रवेश अडवता येत नाही आणि तो कायदा राबवणं सरकारचं काम आहे, असं न्यायालयाने २०१६ मध्ये बजावलं, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. समानता, धर्मस्वातंत्र्य आणि जनहित याचिका हे तिन्ही मुद्दे नेवासा तालुक्यातल्या एका गावात भेटतात. भंडारदरा आणि मुळा धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की राहुरी, राहाता, श्रीरामपूरकडे वातावरण तापतं. त्या वादाचा पाया २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे. पाणी हा राज्यसूचीतला विषय, आणि अनुच्छेद २६२ मधली लवादाची तरतूद दोन राज्यांतल्या नद्यांसाठी आहे, दोन जिल्ह्यांसाठी नाही. पर्यायांत हा सापळा हमखास लावता येईल असा आहे.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला तिथल्या विद्यार्थ्याने ९७ वी घटनादुरुस्ती वाचायचीच. सहकारी संस्थांविषयीचा तिचा भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द केला, कारण निम्म्या राज्यांची मान्यता घेतलेली नव्हती. बहुराज्य संस्थांना तो लागू राहिला. उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, ही १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली तरतूद तर घरातल्या जेवणावळीतच ऐकायला मिळते. माहितीचा अधिकार शिकताना राळेगणसिद्धीची आंदोलनं, राज्याचा २००२ चा कायदा आणि मग केंद्राचा २००५ चा, असा माग काढता येतो. जिल्ह्याचं अहिल्यानगर हे नवं नाव घ्या. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राची मान्यता आली. राज्याचं नाव बदलायला मात्र अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेचा कायदा लागतो. हा भेद ज्याला सांगता आला त्याला संघराज्य समजलं.

मुलींना मी आणखी एक विषय आवर्जून देतो. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने सहदायाद आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. हा विषय सुरू झाला की वर्गात शांतता पसरते, कारण आईने किंवा आत्याने हक्कसोड पत्रावर केलेली सही बऱ्याच जणींनी पाहिलेली असते. पहिल्यांदा त्या सहीचा अर्थ कळतो. मग ही मुलगी निकाल वाचते तो परीक्षेतल्या एका गुणासाठी उरत नाही, आणि असा वाचलेला निकाल परीक्षेतही विसरला जात नाही.

तर्काच्या घटकावर फार लिहिण्यासारखं नाही, पण त्याला रोजचा तास द्यावाच लागतो. नातेसंबंध, बैठकव्यवस्था, संकेतलिपी हे प्रकार भरतीच्या तयारीतून अनेकांना येतात, आणि इथे अभ्यासिकेची परंपरा खरोखर कामाला येते. कच्चं राहतं ते विधान आणि निष्कर्ष, गृहीतक आणि युक्तिवाद. वर्तमानपत्रातला अग्रलेख घेऊन त्यातलं मुख्य म्हणणं कोणतं आणि आधार कोणता हे अधोरेखित करावं. मराठी अग्रलेखावर केलं तरी चालतं, कारण तर्काला भाषेचं बंधन नाही.

गणिताला मी आठवड्यातून दोन तास सांगतो, त्याहून जास्त नाही. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम एवढं दहावीच्या पुस्तकातून पक्कं करावं. कला शाखेची मुलं गणिताच्या धाकाने परीक्षाच टाळतात आणि विज्ञानाची मुलं आवडतं म्हणून त्यातच रमतात. फार तर दहा टक्क्यांच्या आसपासच्या गुणांसाठी दोन्ही टोकं परवडत नाहीत.

इंग्रजीबाबत मराठी माध्यमाच्या मुलांना एकच चूक सांगायची आहे. व्याकरणाचे नियम आणि शब्दांच्या याद्या यांत ती अडकतात आणि सलग पानभर इंग्रजी वाचत नाहीत. रोज एक बातमी किंवा लेख घ्यावा, पहिल्यांदा न अडखळता शेवटपर्यंत जावं, मग दुसऱ्या वाचनात अडलेले शब्द पाहावेत आणि शेवटी सगळं दोन वाक्यांत मराठीत सांगावं. उलट बाजूही लक्षात ठेवावी. प्रश्न मराठीत दिसला म्हणून तो सोपा असतोच असं नाही. छापील मराठीत कराराला ‘संविदा’ म्हणतात आणि कराराच्या मोबदल्याला ‘प्रतिफल’, आणि हे शब्द गावात कुणी बोलत नाही. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश घेऊन शे-दोनशे संज्ञा दोन्ही भाषांत समोरासमोर लिहून काढाव्यात. जिथे मराठी वाक्य गुंतागुंतीचं वाटेल तिथे इंग्रजी पाहायचं आणि जिथे इंग्रजी अडेल तिथे मराठी. दोन्ही भाषांचा असा आधार क्लॅटवाल्याला मिळत नाही.

वर्षाचं गणितही यातच धरायला हवं. क्लॅट आता डिसेंबरात होते, बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि राज्याची परीक्षा त्यानंतर. दोन्ही द्यायच्या तर दिवाळीपर्यंत इंग्रजी वाचन, कायद्याची तत्त्वं आणि तर्क, एवढंच. डिसेंबर संपला की बारावी. बारावीचा शेवटचा पेपर झाला की मग सूत्रं, घटनादुरुस्त्या, कलमांचे नवे क्रमांक आणि सुटं सामान्य ज्ञान, कारण पाठांतर जितकं परीक्षेजवळ तितकं टिकतं. ठोकळा कपाटातून काढायची वेळ ही. आणि त्याच आठवड्यांत तालुक्याच्या एखाद्या संगणक केंद्रात जाऊन पडद्यावर घड्याळ लावून सहा-सात पूर्ण पत्रिका सोडवाव्यात. घरी संगणक नसलेल्या मुलाचा हात माउसवर बसलेला नसतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर देण्याची सवयही तिथेच लागते.